कोकणातल्या घरात जुनी चित्रं आणि पितळ मांडताना

रविवर्मा छापखान्याची (मुंबई, १८९४) जुनी ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं, मिळाली, तर पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पावसाची झड तिथेच बसते आणि ओल आत झिरपते. माजघराची आतली भिंत बरी. जांभ्या चिऱ्यांच्या मधल्या मातीच्या सांध्यात खिळा टिकत नाही. चिऱ्यातच ८ मिमीचं भोक पाडून प्लग ठोका, दोन इंची स्क्रू पिळा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाची चकती चिकटवा. हवेला ५-६ मिमी वाट मिळाली की बुरशीला आळा बसतो. काच मात्र चित्राला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात छपाई काचेलाच चिकटते आणि सोडवताना रंग निघतो. मध्ये ॲसिड-फ्री माऊंट, म्हणजे आम्ल नसलेल्या जाड कागदाची चौकट, हवाच. फ्रेमवाला मागे साधा पुठ्ठा लावायला बघतो. त्याने कागद पिवळा पडतो, नाही म्हणा.

जुनी पेटी किंवा फडताळ घरात घेण्याआधी पडवीत काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली, तर आत कीड जिवंत आहे.

समई, पानाचा डबा चिंचेने लखलखीत करायचा मोह आवरा. वर्षांची झाक एका घासण्यात जाते, आणि खरी शोभा तीच. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे.