ड्राफ्टआधी मागची फळी तपासायची तयारी

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याची, पहिली फेरी अमेरिकेत एप्रिलअखेरच्या गुरुवारी रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. त्या पहाटे चहा घेऊन बसण्याआधी महिनाभर माझी एक वही भरत असते आणि तिच्यात सगळ्यात जास्त पानं डिफेन्सिव्ह बॅक मंडळींची, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीची असतात. कॉर्नरबॅक किंवा कॉर्नर (रिसिव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, अडवणारा) आणि सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा) हे टीव्हीवर सगळ्यात कमी दिसणारे खेळाडू. चेंडू हवेत गेला की कॅमेरा तिकडे वळतो, तोवर त्यांचं निम्मं काम होऊन गेलेलं असतं. त्यामुळे त्यांच्याबद्दल ऐकीव मतं फार आणि पाहून केलेली मतं थोडी. आपल्या संघाची ही फळी ड्राफ्टआधी नीट कशी तपासायची, ते इथे सांगते. उदाहरण म्हणून २०२२ च्या वसंतातले कॅन्सस सिटी चीफ्स घेते, कारण त्या वर्षी त्यांनी ही फळी जवळजवळ नव्याने बांधली आणि पुढे काय झालं तेही आपल्यासमोर आहे.

किराणा भरायला जाण्याआधी आपण डबे उघडून बघतो. इथेही तसंच करायचं. कॉलेजच्या पोरांचे व्हिडिओ लावण्याआधी आपल्याकडे कोण उरलंय ते लिहून काढा. नाव, वय, करार कधी संपतो, आणि गेल्या मोसमात तो खरंच किती खेळला, एवढे चार रकाने पुरतात. मार्च २०२२ मध्ये चीफ्सचं हे पान बघताना पोटात गोळा येत होता. शार्व्हेरियस वॉर्ड सॅन फ्रान्सिस्कोला गेला. टायरन मॅथ्यूचा करार संपला होता. डॅनियल सोरेन्सन न्यू ऑर्लिन्सला आणि माइक ह्यूज डेट्रॉइटला गेला. ह्यूस्टनहून सेफ्टी जस्टिन रीड आला, तो पंचविशीतला. हातात राहिले लजॅरियस स्नीड, रशाद फेन्टन, वान थॉर्नहिल आणि डिआन्ड्रे बेकर. यातला कराराचा रकाना घाईने भरू नका. थॉर्नहिल आणि फेन्टन दोघेही २०१९ च्या ड्राफ्टमधले आणि पहिल्या फेरीबाहेरच्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. म्हणजे ते दोघे २०२२ नंतर मोकळे होणार, हे त्या एप्रिलमध्येच दिसत होतं. आज भरलेली दिसणारी जागा पुढच्या वर्षी रिकामी असेल तर ती रिकामीच धरा, नाहीतर तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी येते.

नावं झाली की जागा मोजा. कागदावर चार बॅक असतात, दोन कॉर्नर आणि दोन सेफ्टी, पण हा हिशोब जुना झाला. आता बहुतेक डावांत (डाव म्हणजे चेंडू एकदा खेळात येऊन थांबेपर्यंतचा खेळ) पाच बॅक मैदानात असतात, कधी सहा. पाचवा स्लॉटमध्ये उभा राहतो, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसिव्हरसमोर. त्याला बाजूच्या रेषेचा आधार नसतो. समोरचा डावीकडेही पळू शकतो आणि उजवीकडेही, शिवाय धावता खेळ आला, म्हणजे समोरच्यांनी पास न टाकता चेंडू घेऊन धाव घेतली, की गर्दीत शिरून टॅकल करावा लागतो, चेंडूवाल्याला पाडावं लागतं. हे काम बाहेरच्या कॉर्नरपेक्षा इतकं वेगळं आहे की मी त्याला स्वतंत्र पानच देते. कबड्डी पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. डावा कोपरा सांभाळणारा आणि मध्यरक्षक दोघेही पकड करतात, पण एकाला उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं की साखळी तुटते. स्नीड मुळात कॉलेजात सेफ्टीसुद्धा खेळलेला, चौथ्या फेरीतून आलेला. तो बाहेरही उभा राहायचा आणि स्लॉटमध्येही. असा एक खेळाडू असला की त्याचं नाव दोन जागांवर लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. तो एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहणार आहे.

मग बघायचा तो बचावाचा प्रशिक्षक आणि त्याची पद्धत. चीफ्सचे स्टीव्ह स्पॅग्नुओलो हे ब्लिट्झ आवडणारे प्रशिक्षक. ते मागून माणसं क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, सोडतात (हाच ब्लिट्झ), स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी एक रचना दाखवतात आणि स्नॅपनंतर दुसरीच खेळतात. अशा संघात कॉर्नरला बऱ्याचदा मदतीविना एकट्याने माणूस सांभाळावा लागतो, आणि सेफ्टीला डोकं शांत ठेवून शेवटच्या क्षणी जागा बदलावी लागते. एखाद्या झोनवाल्या, म्हणजे माणसाऐवजी जागा सांभाळणाऱ्या, संघात उत्तम ठरलेला कॉर्नर इथे उघडा पडू शकतो. म्हणून प्रत्येक जागेपुढे एक ओळ लिहा, आपला प्रशिक्षक या माणसाकडून नेमकं काय मागतो. ही ओळ लिहिता आली नाही तर गेल्या मोसमाचे दोन-तीन सामने पुन्हा बघा, मगच पुढे जा.

बघताना ऑल-22 बघा, ज्यात वरून बावीसही खेळाडू दिसतात. आणि हरलेल्या सामन्यांपासून सुरुवात करा. चीफ्सच्या बाबतीत मी २ जानेवारी २०२२ चा सिनसिनाटीतला सामना लावला. सिनसिनाटी बेंगल्सचा रिसिव्हर जमार चेस याने त्या दिवशी ११ झेल, २६६ यार्ड आणि तीन टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) केले. पण माझ्या वहीत एकच डाव मोठ्या अक्षरात आहे. ३१-३१ बरोबरी, शेवटची काही मिनिटं, तिसरा डाउन (ठरलेलं अंतर पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि तब्बल २७ यार्ड बाकी. बचावाच्या दृष्टीने याहून सोयीची स्थिती नाही. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याने उंच चेंडू टाकला, चेसवर वॉर्ड होता, चेसने तो घेतला आणि ३० यार्ड मिळाले. पुढे शेवटच्या किकवर सामना ३४-३१ असा गेला. हा डाव पाहून ‘वॉर्ड कमी पडला’ एवढंच लिहून थांबणं सोपं आहे. त्यापेक्षा तीच फीत चार वेळा मागे घ्या. पहिल्यांदा फक्त वॉर्डचे पाय बघा, तो कधी वळला. दुसऱ्यांदा सेफ्टी किती खोल उभा होता आणि कुठल्या बाजूला झुकला. तिसऱ्यांदा क्वार्टरबॅकवर किती जण धावले आणि स्नॅपपासून चेंडू हातातून सुटेपर्यंत किती सेकंद गेले. चौथ्यांदा चेसकडे बघा आणि प्रामाणिकपणे विचारा, या चेंडूवर कुठल्या कॉर्नरला काही करता आलं असतं का. क्वार्टरबॅकवर धाव घेणारी समोरची फळी कमकुवत असली की मागच्यांना एकेक सेकंद जास्त पळावं लागतं, आणि दोष मात्र त्यांच्या नावावर चढतो. वॉर्ड पुढे २०२३ मध्ये ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, दुसऱ्या संघात निवडला गेला. एका फितीवरून माणूस निकालात काढू नये, हे मला त्याच्यामुळे पक्कं कळलं. आणि चीफ्सनेही त्या ड्राफ्टात मागच्या फळीबरोबर समोर धावणारा जॉर्ज कार्लाफ्टिस ३० व्या क्रमांकावर घेतला, हे लक्षात ठेवा.

इंटरसेप्शनच्या, म्हणजे समोरच्याचा पास मधेच झेलण्याच्या, आकड्यावर मी फार वेळ घालवत नाही. तो आकडा वर्षागणिक उड्या मारतो, आणि ज्याच्याकडे कुणी चेंडू टाकतच नाही त्याचा आकडा लहानच राहतो.

समोर कोण येणार तेही एका पानावर असू द्या. त्या मार्चमध्ये चीफ्सच्या गटात रसेल विल्सन डेन्व्हरला आला, दावान्ते अ‍ॅडम्स रेडर्सकडे आला, आणि चार्जर्सकडे जस्टिन हर्बर्टबरोबर कीनन अ‍ॅलन आणि माइक विल्यम्स होतेच. गटातल्या प्रत्येक संघाशी वर्षातून दोनदा गाठ पडते, म्हणजे सहा सामने ठरलेले. माइक विल्यम्ससारखा उंच, हवेत चेंडू ओढून घेणारा आणि अ‍ॅडम्ससारखा पहिल्या दोन पावलांतच फसवणारा, या दोघांपुढे एकच प्रकारचा कॉर्नर चालत नाही.

राखीव माणसाचं पान लोक विसरतात. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच सगळ्यात महत्त्वाचं. २३ जानेवारी २०२२ ला बफेलोविरुद्ध मॅथ्यू सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला. बफेलोच्या गेब्रियल डेव्हिसने त्या सामन्यात चार टचडाउन झेलले. चीफ्स ४२-३६ जिंकले म्हणून ती गोष्ट झाकली गेली, पण वहीत झाकायची नसते. पाचही जागांपुढे लिहा, हा पहिल्या दहा मिनिटांत जखमी झाला तर कोण येईल. दुसऱ्यांदा तेच नाव लिहावं लागलं तर तिथे एक खेळाडू कमी आहे, मग पहिली पसंती कितीही भक्कम असो.

आता कुठे कॉलेजच्या पोरांकडे वळायचं. त्यांच्या फिती बघताना दोन नियम डोळ्यांसमोर ठेवा. कॉलेजच्या मैदानावरच्या मधल्या हॅश खुणांमध्ये (डाव याच पट्ट्यातून सुरू होतो) ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात एक बाजू खूप रुंद आणि दुसरी अरुंद होते, आणि बरेच संघ एका कॉर्नरला कायम अरुंद बाजूला उभं करतात. तिथे बाजूची रेषाच अर्धा बचाव करते. तुमच्या आवडीचा पोरगा कुठल्या बाजूला उभा राहून नाव कमावतोय, ते आधी बघा. दुसरा नियम पकडापकडीचा. कॉलेजात पास अडवताना धक्का दिला तर दंड जास्तीत जास्त १५ यार्ड. एनएफएलमध्ये चेंडू जिथे धक्का लागला तिथे ठेवतात, मग ते अंतर ४० यार्ड का असेना. जो पोरगा हरला की जर्सी ओढतो, त्याच्या नावापुढे मी लाल खूण करते.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधली, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांतली, मापं लिहून घ्या, पण फीत पाहून झाल्यावर. वॉशिंग्टन विद्यापीठाचा ट्रेंट मॅकडफी ४० यार्ड ४.४४ सेकंदांत धावला, पण हात निघाले पावणेतीस इंच. कॉर्नरसाठी हे आखूड. पहिल्या पाच यार्डांत रिसिव्हरला हाताने अडवायची मुभा असते आणि तिथे लांब हाताला किंमत असते, म्हणून ही शंका रास्तच. पण फितीत तो ज्या तऱ्हेने टॅकल करत होता, पाय वाकवून, खांदा खाली घेऊन, दोन्ही हात समोरच्याच्या पाठीमागे जुळवून, ते बघितल्यावर माझ्या मनातली शंका बरीच सैल झाली. स्लॉटची जागा हीच मागते. २०२३ मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता.

लहान कॉलेजातला खेळाडू असेल तर वासरांत लंगडी गाय शहाणी ही म्हण आठवा आणि मग ती खरी आहे का ते तपासा. फेयेटव्हिल स्टेट हे दुसऱ्या श्रेणीतलं कॉलेज. तिथला जोशुआ विल्यम्स उंच आणि लांब हातांचा. मोठ्या कॉलेजांच्या रिसिव्हरसमोर तो सीनियर बोल या ड्राफ्टआधीच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात उभा राहिला, आणि अशा खेळाडूच्या बाबतीत तीच फीत आधी बघायची.

आता किंमत. आपल्याकडे कुठल्या क्रमांकाच्या निवडी आहेत आणि वर सरकायला काय द्यावं लागेल, हे गुरुवारच्या आधी मांडून ठेवा. रिसिव्हर टायरीक हिलला मायामीला देऊन बदल्यात निवडी घेतल्यामुळे चीफ्सकडे त्या वर्षी १२ निवडी होत्या. डेरेक स्टिंगली तिसरा गेला, सॉस गार्डनर चौथा, आणि मग बराच वेळ एकही कॉर्नर गेला नाही. चीफ्सने २९, ९४ आणि १२१ हे क्रमांक न्यू इंग्लंडला दिले आणि २१ वा घेऊन मॅकडफी निवडला. माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या जुन्या गुणतक्त्यावर, ज्यात प्रत्येक क्रमांकाच्या निवडीला गुण दिलेत, मांडून बघा. २१ व्याला ८०० गुण, आणि दिलेल्या तिघांचे ६४०, १२४ आणि ५२ मिळून ८१६. थोडं जास्त दिलं, फार नाही. लगेच २३ व्या क्रमांकावर बफेलोने कायर इलम घेतला, म्हणजे रांगेत इतरही उभे होते. वर सरकण्याची कमाल मर्यादा आधी लिहिलेली असली की त्या पहाटे डोकं जागेवर राहतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसासाठी वेगळा कागद करा आणि तो शेवटपर्यंत समोर ठेवा. चीफ्सने सेफ्टी ब्रायन कूक ६२ वा घेतला, जोशुआ विल्यम्स १३५ वा, जेलन वॉटसन २४३ वा आणि नझी जॉन्सन २५९ वा. एकूण दहा निवडींतले पाच जण याच फळीचे. राखीव माणसाचं पान भरण्यासाठी निवडी अशा खर्च होतात. वॉटसन वॉशिंग्टन स्टेटचा. तिथे पोचण्याआधी तो काही काळ वेंडीज या बर्गरच्या दुकानात काम करत होता. अशा खेळाडूचं रेटिंग बघून पान उलटायच्या आधी त्याची उंची, त्याचे दोन सामने आणि आपल्या प्रशिक्षकाची ती एक ओळ, तिन्ही शेजारी ठेवून वाचा.

आणि ड्राफ्ट संपला तरी वही फेकू नका. ऑगस्टअखेर ५३ जणांचा संघ ठरतो तेव्हा तीच पाच जागांची पानं काढून पुन्हा भरा, राखीव नावांसकट. त्या सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात अ‍ॅरिझोनात मॅकडफीच्या मांडीचा स्नायू दुखावला. चौथ्या दिवशी अ‍ॅरोहेडवर, म्हणजे चीफ्सच्या घरच्या मैदानावर, चार्जर्सचा सामना होता आणि त्याच्या जागी वॉटसन उतरला. चौथा क्वार्टर, १७-१७ बरोबरी, चार्जर्स गोलरेषेजवळ. हर्बर्टचा पास वॉटसनने मधेच काढला आणि ९९ यार्ड पळत नेला. जानेवारीत बेंगल्सविरुद्ध स्नीड लवकर बाहेर गेला, तेव्हा २०-२० असताना बरोचा लांब पास कूकने हाताने उडवला आणि तो विल्यम्सच्या हातात पडला.