सेकंडहँड ट्रायल्स बाइक घेतलीत? मग कार्बोरेटरच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा

ज्यांना ट्रायल्स म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सीट नसलेली, सत्तर किलोच्या आसपास वजनाची, दोन-तीन लिटरची टाकी असलेली गाडी उभं राहून दगडांवरून, ओढ्यातून, झाडांच्या मुळांवरून न्यायची, वेगाला काही किंमत नाही, आखून दिलेल्या टप्प्यातून पाय न टेकता बाहेर पडायचं. एकदा पाय टेकला की १ पॉइंट, दोनदा २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३, आणि पडलात किंवा टप्पा अर्धवट सुटला की ५, ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी तो पहिला. इकडे इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये हा खेळ घरोघरी आहे, इथली स्कॉट ट्रायल ही स्पर्धा १९१४ पासूनची. ट्रायल्सचा नावाजलेला खेळाडू डगी लॅम्पकिन इथल्याच सिल्सडन गावचा, त्याने २०१६ मध्ये आइल ऑफ मॅनचा ३७ मैलांहून जास्तीचा अख्खा टीटी कोर्स, म्हणजे तिथल्या मोटरसायकल शर्यतीचा रस्ता, मागच्या एका चाकावर पूर्ण केला, तोही ट्रायल्स बाइकवरच.

इथे इंग्लंडात आलेल्या आपल्या पोरांपैकी कोणीतरी अधूनमधून जुनी बेटा नाहीतर गॅस गॅस (या ट्रायल्स बाइकच्या कंपन्या) घेतं आणि मग सुरू होतं, दादा गाडी दणकन उडी मारते, दादा गरम होते, दादा आयडलिंगला बंद पडते. आणि प्रत्येकाने तोवर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून ठेवलेले असतात. म्हणून हे लिहितोय. उदाहरण बेटा इव्हो २५० टू-स्ट्रोकचं धरलंय, पण शेर्को, गॅस गॅसला पण यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

घ्यायला जाल तेव्हा मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करून ठेवू नका, थंड इंजिनवर किती किका लागतात ते कळलं पाहिजे. मग मागचं चाक हाताने धरून वर उचला, खट्ट असा आवाज येऊन चाक थोडं मोकळंच वर आलं तर शॉकअपच्या लिंकेजचे बेअरिंग गेलेत. पुढचं चाक अधांतरी ठेवून फोर्कचे पाय पुढेमागे हलवा, खुळखुळ झाली तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) सैल आहे नाहीतर गेलाय. यातलं काहीच गाडी नाकारण्यासारखं नाही, भाव पाडण्यासारखं मात्र नक्की आहे. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर वॉटर पंपाचं सील गेलंय, ते पण होतं, पण मालक "काही नाही, थंडीमुळे होतं" म्हणाला तर दोन पावलं मागे या.

गाडी घरी आली की पहिलं काम पेट्रोल. टाकीतलं सगळं काढा, कार्बोरेटरच्या वाटीतलं पण. ती गाडी किती महिने शेडमध्ये पडून होती कोणाला माहीत, आणि सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पडून राहिलं की कार्बोरेटरमधले बारीक भोकाचे जेट चिकटवतं. सुपरवालं ई५ (५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल) घ्या, टाकी एवढीशी तर आहे, खर्च काय होणार. त्यात टू-टी ऑइल मिसळायचं. ज्यांच्या घरी लूना नाहीतर बजाजची स्कूटर होती त्यांना हे शिकवायला नको, पण इथे प्रमाण त्याहून पातळ असतं, साधारण ७०:१, म्हणजे ५ लिटरच्या कॅनला ७० मिलीच्या आसपास, चांगलं सिंथेटिक. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. "इंजिनाला बरं" म्हणून जास्त ऑइल ओतू नका, ही गाडी सगळा वेळ कमी रेसवर फिरते, जादा ऑइल जळत नाही, ते प्लगवर बसतं आणि सायलेन्सरमधून काळं गळतं.

मग टायरची हवा. नव्या माणसाला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि फुकटात पडतो. मागे ४ ते ५ पीएसआय, पुढे ६ ते ७. हो, चारच. गाडीच्या मालकाने रस्त्यावरच्या बाइकसारखी २०-२५ भरून ठेवली असेल तर ओल्या दगडावर तुम्ही कितीही चांगले असा, चाक फिरत राहणार आणि तुम्ही गाडीलाच शिव्या देणार. नेहमीचा गेज या आकड्यांना काही कामाचा नाही, ०ते १५ पीएसआयवाला वेगळा मिळतो तो घ्या. मागचा टायर बहुतेक गाड्यांना ट्यूबलेस आणि पुढे ट्यूब असते, त्यामुळे पुढे फार कमी केलीत आणि वजन जास्त असेल तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

हँडल आणि लिव्हर. क्लच आणि पुढचा ब्रेक एकाच बोटाने, तर्जनीने, चालवायचा असतो, म्हणून दोन्ही लिव्हर हँडलवर आत सरकवा, इतक्या की तुमची तर्जनी लिव्हरच्या अगदी टोकाशी येईल. उभं राहून मनगट सरळ राहील इतक्या खाली झुकवा. आणि क्लॅम्प गच्च आवळू नका, हाताने जोर लावल्यावर फिरला पाहिजे, म्हणजे पडलात की लिव्हर फिरते, मोडत नाही. पडणार आहातच. क्लॅम्पखाली प्लंबरचा पांढरा टेफ्लॉन टेप गुंडाळला की हे छान जमतं.

आता क्लच. यावर जरा वेळ घालवतो, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच. थंड गाडी सुरू केली, क्लच दाबून पहिला टाकला आणि गाडी पुढे झेपावून भिंतीवर, हे तुमचं चुकलं असं नाही, रात्रभर प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटलेल्या असतात. इंजिन बंद असतानाच गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि गाडी पुढेमागे ढकला, एकदम मोकळी झाल्याचं हाताला कळतं. मग न्यूट्रल करून किक. प्रत्येक वेळी. एवढं करूनही गरम गाडीवर क्लच ओढत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदला, ते स्वस्त आहे. नंतर क्लचच्या वरच्या डबीत तेल किती आहे बघा आणि हवा काढा. झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, कुठे डॉट ४ (ब्रेकचं तेल) असतं कुठे मिनरल ऑइल, चुकीचं घातलं की रबराची सीलं फुगतात.

आणि बेटा असेल तर एक खास भानगड. फायबर प्लेटांवरचे चौकोनी तुकडे चिकटवताना बाहेर आलेला डिंक कडेने तसाच वाळून बसलेला असतो, तो प्लेट सुटू देत नाही. गाडी क्लचचं कव्हर वरच्या बाजूला येईल अशी आडवी टेकवा, पेट्रोलची चावी बंद, खाली जुनी गोधडी, म्हणजे ऑइल काढावं पण लागत नाही. कव्हर उघडा, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत ढिले करा, एकदम एक पूर्ण काढू नका. प्लेटा निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि फोटो काढा. फायबर प्लेट पुसून उजेडात तिरकी धरली की प्रत्येक तुकड्याच्या कडेला तपकिरी चकचकीत कड दिसते, तोच डिंक. लहान चाकूचं टोक तुकड्यांमधल्या फटीत घालून तो खरवडून काढायचा, तुकड्याच्या वरच्या तोंडाला पातं लागू द्यायचं नाही. एकेका प्लेटला पंधरा-वीस मिनिटं जातात, कंटाळा येतो, करा. स्टीलच्या प्लेटा स्कॉचब्राइटने हलक्या घासा, सगळ्यांना गिअरऑइल लावा, त्याच क्रमाने बसवा. बोल्ट लहान आहेत आणि ॲल्युमिनियममध्ये जातात, हाताचा जोर दाखवायची जागा ही नव्हे.

गरम होणं. या गाडीला स्वतःच्या वेगाची हवा मिळतच नाही, सगळं पंख्यावर. बेटाच्या टू-स्ट्रोकला बॅटरी नसते, पंखा इंजिन चालू असतानाच फिरतो. उभ्या गाडीवर पाच-सात मिनिटं चालू ठेवा, पंखा लागला पाहिजे. लागला नाही तर बंद करा, पंख्याचं पातं बोटाने फिरवा, चिखलाने अडकलंय का बघा. मोकळं फिरत असेल तर रेडिएटरवरच्या थर्मोस्विचच्या (तापलं की पंखा लावणारा स्विच) दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा आणि गाडी परत सुरू करा, पंखा फिरला तर स्विच मेलाय, नाही फिरला तर पंखा किंवा त्याला येणारा करंट. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका हे सांगायला नको पण सांगतो.

सुरूच होत नाही? प्लग काढा, कॅपमध्ये घालून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, किक मारा. ठिणगी नसेल तर कॉइल मागवायच्या आधी हँडलवरचा मनगटाला दोरी बांधायचा जो किल स्विच (पडलात की इंजिन बंद करणारा) असतो त्याची वायर फक्त तपासणीपुरती काढून बघा, हे चुंबकाचे स्विच पाणी जाऊन फार मरतात. ठिणगी आली तर नवा स्विच बसवा, त्याच्याशिवाय चालवू नका, गाडी हातातून सुटून फुल रेसवर दगडात नाचताना बघितली की का ते कळतं.

ठिणगी आहे, पेट्रोल ताजं आहे, तरी फक्त चोकवर चालते आणि चोक काढला की बंद, तर स्लो जेट (कमी रेसवर पेट्रोल देणारा) बुजलाय. आता कार्बोरेटर. पण त्याच्याही आधी एअर फिल्टर काढून धुवा, वाळवा, फिल्टर ऑइल लावा, कडेला ग्रीस लावून बसवा, एअरबॉक्सच्या तळाला पाणी साचलंय का बघा. मग स्लो जेट काढून खिडकीकडे धरा, गोल भोक आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे. क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेचा स्क्रू आधीच्या मालकाने किंवा तुम्ही फिरवला असेल तर हलक्या हाताने पूर्ण आत न्या आणि तिथून दीड-दोन फेरे बाहेर, इथून सुरुवात करा, बाकीचं पाव-पाव फेऱ्याने. रेस सोडल्यावर पटकन खाली येत नसेल तर स्क्रूचा प्रश्न नाही, कुठूनतरी हवा ओढतेय. चालू गाडीवर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी मॅनिफोल्डभोवती थोडा क्लीनर फवारा, रेस बदलली की तिथेच. तिथे नसेल तर क्रँकचं मॅग्नेट बाजूचं सील. आणि दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर पांढरा धूर येतो आणि त्याबरोबर गिअरऑइल कमी होत जातं, हे काम गॅरेजला द्या.

ब्रेक पाण्यात ओरडतात ते ओरडू देत, पण पकडतच नसतील तर पॅडवर चेनचं ऑइल गेलंय, असे पॅड धुवून सुधारत नाहीत, नवे घाला, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. मागच्या ब्रेकची हवा वरून काढायला गेलात तर संध्याकाळ जाईल, सिरिंजने खालून कॅलिपरच्या निपलमधून तेल वर ढकला.

पहिल्यांदा तासभर फिरवून आणलीत की सगळ्या बोल्टांना एकदा पान्हा लावा, विशेषतः मागचं स्प्रॉकेट, फूटरेस्ट आणि सायलेन्सर, आणि चाकाच्या तारा पान्ह्याने हलक्या वाजवून बघा, एखादी बद्द वाजली तर ती सैल. प्रेशर वॉशर वापरणार असाल तर चाकांच्या बेअरिंगवर, लिंकेजवर आणि एअरबॉक्सच्या तोंडावर धार मारू नका. पेट्रोलची चावी बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी जेट साफ करत बसावं लागणार नाही.