पर्यटन परिषदेत गाइडचे काम कसे मिळवावे

पर्यटन व्यवसायाच्या परिषदा आणि मेळे मुळात खरेदी-विक्रीसाठी भरतात. गाइडची भरती हा त्यांचा हेतू नसतो. स्टॉलवर बसलेली मंडळी सहली विकायला आलेली असतात, त्यामुळे समोर येऊन काम मागणाऱ्याला बहुतेकदा हसून एक माहितीपत्रक दिले जाते आणि संभाषण तिथेच संपते. हे टाळायचे असेल तर खरी तयारी घरीच करावी लागते.

आधी मेळा कोणासाठी आहे ते पाहावे. मार्चमध्ये भरणारा आयटीबी बर्लिन १९६६ पासून सुरू आहे आणि २०२३ पासून तो केवळ व्यावसायिकांसाठी खुला आहे. लंडनचा वर्ल्ड ट्रॅव्हल मार्केट नोव्हेंबरात होतो. इतक्या अवाढव्य मेळ्यांत नवख्या गाइडचा निभाव लागणे कठीण असते. त्यापेक्षा आपण ज्या प्रदेशात काम करणार तिथली छोटी परिषद, किंवा गाइडच्या संघटनांचे संमेलन, अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. गाइड संघटनांचा जागतिक महासंघ १९८५ पासून कार्यरत आहे. आपल्या भागातली संघटना त्याच्याशी संलग्न आहे का, याची चौकशी जरूर करावी.

सहभागी संस्थांची यादी हाती येताच तिची चाळणी करावी. परदेशी कंपनी पर्यटक पाठवते. त्यांना उतरवून घेऊन वाहन, हॉटेल आणि गाइड यांची व्यवस्था बहुधा स्थानिक टूर ऑपरेटर करतो. म्हणून आपल्याच प्रदेशातले ऑपरेटर आधी गाठावेत. त्यातही, गाइड नेमण्याचे काम सहसा ऑपरेशन्स विभागाकडे असते आणि स्टॉलवर मात्र विक्री विभागाची माणसे भेटतात. त्यांच्याकडे नोकरी न मागता, “आपल्याकडे गाइडचे नियोजन कोण पाहते?” एवढेच विचारावे. मिळालेले नाव तिथल्या तिथे त्यांच्याच कार्डामागे लिहून ठेवावे, कारण संध्याकाळपर्यंत खिशातली सगळी कार्डे सारखीच दिसू लागतात.

पहिल्या दिवशी सकाळी सगळे भेटींच्या वेळापत्रकात अडकलेले असतात. शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरते, तेव्हा माणसे निवांत बोलतात. (आवराआवर सुरू झाल्यावर मात्र कोणालाही थांबवू नये.) आपली ओळख दोन-तीन वाक्यांत संपवावी: कोणत्या भाषा येतात, परवाना कोणत्या भागाचा आहे, कोणत्या महिन्यांत मोकळे आहात. “मला इतिहासाची आवड आहे” हे प्रत्येक जण सांगतो. “ऐन हंगामात आदल्या रात्री फोन आला तरी मी जर्मन गट सांभाळू शकतो” हे वाक्य लक्षात राहते, अर्थात ते खरे असेल तरच.

चर्चासत्रांना बसायचे असेल तर बसावे, पण चहाच्या सुट्टीत इतर गाइडशी बोलणे चुकवू नये. एकाच दिवशी दोन कामे आलेला गाइड त्यातले एक दुसऱ्याकडे सोपवतो, आणि अनेकांची सुरुवात अशाच बदली कामाने होते.

परतल्यावर आठवडाभरात त्या ऑपरेशन्सच्या व्यक्तीला छोटे ईमेल पाठवावे आणि त्यात कोणाकडून नाव मिळाले ते नमूद करून परवान्याची प्रत जोडावी. होकार आला, तर मानधन, जेवण-प्रवासाचा खर्च आणि सहल ऐनवेळी रद्द झाल्यास मिळणारी रक्कम, हे सारे पहिल्या कामाआधीच लेखी ठरवून घ्यावे.