एन्क्रिप्शन स्लो चालतंय? प्रोसेसरमधलं एईएस वापरताना या चुका टाळा

लिनक्सवर लक्सने (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्शनची सोय) पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली आणि मशीन रडायला लागलं, असं कोणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो, प्रोसेसरमधलं एईएस (एन्क्रिप्शनची एक पद्धत, ती पटपट चालवायच्या खास इन्स्ट्रक्शन्स प्रोसेसरमध्येच असतात) खरंच वापरलं जातंय का ते बघितलंस का? इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय, म्हणजे याच इन्स्ट्रक्शन्स, द्यायला सुरुवात केली, एएमडीमध्येही ते आहे, त्यामुळे सगळे आपल्याकडे असेलच असं धरून चालतात, आणि पहिली चूक तिथेच होते.

लिनक्सची सीपीयूइन्फो फाईल (प्रोसेसरची माहिती असते ती) उघडा, फ्लॅग्सच्या ओळीत एईएस शोधा. नसेल तर बायोसमध्ये ते बंद नाही ना ते बघा. पण व्हर्च्युअल मशीन असेल तर बायोसमध्ये शोधत बसू नका, केव्हीएममध्ये (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) सीपीयूचा प्रकार नुसता केव्हीएम६४ किंवा क्यूईएमयू६४ ठेवला की खालच्या खऱ्या प्रोसेसरला एईएस येत असूनही आतल्या लिनक्सला ते दिसतच नाही. मी याच्यात दोन रात्री घालवल्यात, कर्नल बदलला, डिस्क बदलली, आणि शेवटी सीपीयू होस्ट-पासथ्रू (म्हणजे खरा प्रोसेसर जसाच्या तसा आत दाखवणं) केल्यावर पाच मिनिटांत काम झालं.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांनी तर नीट ऐका. त्याच्या चिपमध्ये एईएसच्या इन्स्ट्रक्शन्स नाहीतच, पाय ५ मध्ये आल्या. म्हणजे पाय ४ वर घरचा एनएएस (नेटवर्कवरचं स्टोरेज) करून एईएस-एक्सटीएस (डिस्कसाठीचा एईएसचा प्रकार) लावलं की सगळा भार सॉफ्टवेअरवर पडतो. तिथे अ‍ॅडियँटम ही एन्क्रिप्शनची वेगळी पद्धत घ्या, गूगलने २०१९ मध्ये ते अशाच स्वस्त प्रोसेसरसाठी आणलं. आधी क्रिप्टसेटअप बेंचमार्क ही कमांड चालवून दोन्हींचे आकडे बघा, ती टेस्ट फक्त मेमरीत चालते, डिस्कला हात लावत नाही. आणि डेटा भरल्यावर सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) बदलायचं म्हणजे सगळं परत एन्क्रिप्ट करणं आलं, म्हणून हे आधीच ठरवा, बॅकअपशिवाय तर नकोच.

टेस्ट चुकीची करणारेही खूप. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) १.१.१ मध्ये स्पीड कमांडला ईव्हीपीचा पर्याय दिला नाही तर ती एईएस-एनआय वापरतच नाही, आकडे बघून उगाच घाबरायला होतं. वायरगार्ड (व्हीपीएन) स्लो आहे म्हणून एईएसवाला प्रोसेसर घेऊ नका, ते एईएस नाही, चाचा२० ही दुसरी पद्धत वापरतं.

आणि एसएसडीच्या आतलं हार्डवेअर एन्क्रिप्शन ही वेगळी गोष्ट आहे, दोन्ही एकच समजू नका. प्रोसेसर फक्त गणित पटपट करतो, एन्क्रिप्शनची की (किल्ली) सांभाळते आपली ऑपरेटिंग सिस्टम. एसएसडीत मात्र सगळं कंपनीच्या फर्मवेअरवर (ड्राइव्हमधल्या सॉफ्टवेअरवर) सोपवलेलं असतं, आणि २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही ड्राइव्ह पासवर्डशिवाय उघडून दाखवले. विंडोजचं बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) तेव्हा अशा ड्राइव्हवर विश्वास ठेवून स्वतः काहीच करायचं नाही, पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो डिफॉल्ट बदलला, पण आधी एन्क्रिप्ट केलेले ड्राइव्ह आपोआप बदलत नाहीत. मॅनेज-बीडीई कमांडने स्टेटस बघा, मेथडमध्ये हार्डवेअर एन्क्रिप्शन दिसलं तर ड्राइव्ह आधी डिक्रिप्ट करा, ग्रुप पॉलिसीत हार्डवेअरवालं बंद करा, आणि मग बिटलॉकर परत चालू करा.