चणकाच्या कल्ल्यांतले चपटे कृमी : या चुका टाळा

खाऱ्या पाण्यातल्या पिंजऱ्यात पाळलेला चणक (जिताडा मासा) खाणे सोडतो, जाळ्याला अंग घासतो, कल्ले फाकवून वर येतो. लगेच औषध काढू नका, आधी वेळ बघा. मासे फक्त पहाटे तोंड वर काढत असतील तर बहुधा प्राणवायू कमी आहे. ऊन चढल्यावरही धाप लागत असेल तर कल्ले तपासा.

मेलेला मासा तपासून उपयोग नाही, कारण मासा मेला की कृमीही सुटतात किंवा मरतात. धापा टाकणारा घ्या. तो मारल्याबरोबर कल्ल्याचे दोन-चार तंतू कापून त्याच पिंजऱ्यातल्या पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा. नळाचे गोडे पाणी घेतलेत तर कृमी तिथेच निपचित होतील. सूक्ष्मदर्शकातून ४० पटीला मिलिमीटरच्या आतबाहेरचा जीव जळवेसारखा लांबतो-आखडतो. मागचे टोक आकड्यांनी तंतूत रुतलेले, डोक्याकडे डोळ्यांचे चार काळे ठिपके.

खरा पैसा बुडतो तो एकदाच औषध देऊन थांबण्यात. फॉर्मेलिनने (फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाने) कृमी मरतो, अंडे मरत नाही. टणक कवचाची ही अंडी जाळ्याच्या धाग्यांत अडकून राहतात आणि आपल्याकडच्या २८-३० अंश पाण्यात काही दिवसांतच फुटतात. वाढायला गोगलगायीसारखा मधला यजमान (दुसरा प्राणी) लागत नाही, त्यामुळे दाटीचा पिंजरा त्यांना पुरतो. म्हणून साधारण आठवड्याने दुसरी मात्रा द्या आणि पहिल्याच दिवशी जाळे बदला. जुने कडक उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ते वाळणार नाही, तेव्हा जून लागण्याआधीच जादा जाळे तयार ठेवलेले बरे.

मात्रा अंदाजाने नको. ज्या हौदात औषध द्यायचे त्यातल्या पाण्याची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणून हजाराने गुणा, तेवढे लिटर. हजार लिटरला बाजारातले ३७ टक्के फॉर्मेलिन १५० ते २०० मिलि, जास्तीत जास्त एक तास, हवेचा पंप पूर्णवेळ चालू. आदल्या दिवशी खाद्य बंद. आधी चार-पाच माशांवर पूर्ण तास करून बघा. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खाते आणि तापलेल्या पाण्यात माशांना जास्त बाधते, म्हणून दुपारी हे काम काढू नका. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती वापरू नका, तो माशांना जास्त विषारी असतो. हातमोजे घाला. विक्रीला आलेल्या माशांना फॉर्मेलिन अजिबात नको. २०१८ साली गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून काय गदारोळ झाला ते गिऱ्हाईक विसरलेले नाही.

गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवणे अंगावरच्या कृमींना चांगले लागू पडते. कल्ल्यांतले मात्र चिकट स्रावाआड तगतात. नळाचे पाणी असेल तर आधी क्लोरीन काढा.