कपॅसिटर बँकेचं वेळापत्रक आदल्या दिवशीच लिहा

मुंबईतल्या सबस्टेशनच्या शिफ्टमध्ये माझी बावीस वर्षं गेली. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते: व्होल्टेज पडलं की धावत जाऊन कपॅसिटर बँक, म्हणजे व्होल्टेज वर उचलणारा कपॅसिटरांचा संच, लावायची नाही. बँक कधी लावायची, कधी काढायची, हे आदल्या दिवशी कागदावर असलं पाहिजे.

आधी तशाच एखाद्या दिवसाचा लोड काढा, मेगावॉट (प्रत्यक्ष काम करणारी वीज) आणि एमव्हीएआर (व्होल्टेज टिकवायला लागणारी रिअॅक्टिव्ह वीज) दोन्ही. पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक समोर येतील. प्रत्येक ब्लॉकचा निर्णय सुटा घेतलात तर फसाल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोड जरा उतरला की हिशेब म्हणेल ‘बँक काढा’, आणि अर्ध्या तासात म्हणेल ‘लावा’. बँक जोडणारा-तोडणारा स्विच, म्हणजे ब्रेकर, झिजतो. शिवाय काढलेल्या बँकेत चार्ज उरलेला असतो, तो उतरायला दहा मिनिटं द्यावीच लागतात. म्हणून दिवसाचे चार-पाच तुकडे करा. माझा नियम असा: एका बँकेला दिवसातून एकदा लावणं, एकदा काढणं. मधला छोटा उतार व्होल्टेजच्या मर्यादेत बसत असेल तर बँकेला हात लावू नका.

सुरुवात पहाटेपासून करा. मुंबईत जमिनीखालच्या केबल खूप, आणि लोड कमी झाला की केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, व्होल्टेज चढवते. 110 केव्हीची मर्यादा 99 ते 121. पहाटे तीनला कुठली बँक बंद हवी, हे आधी लिहा, मग दुपारच्या एसीच्या लोडकडे वळा.

आता एक हिशेब हाताने करा. 33 केव्ही बसचा (सगळ्या लाइन जिथे जुळतात त्या पट्टीचा) फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर तिथे येणारी ताकद, 500 एमव्हीए, बँक 10 एमव्हीएआर. दहा भागिले पाचशे, म्हणजे व्होल्टेज साधारण 2 टक्के उडी घेणार, जवळजवळ 0.66 केव्ही. ट्रान्सफॉर्मरचा एक टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायचं एक घर, बहुधा 1.25 टक्क्याचा. म्हणजे बँक लावताच टॅप एक-दोन घरं उलटा फिरू शकतो. म्हणून त्या वेळापत्रकात बँकेची वेळ आधी ठरवा, टॅप तिच्यामागून.

जनरेटरची रिअॅक्टिव्ह क्षमता रोजच्या कामात संपवू नका. व्होल्टेज 90 टक्क्यांवर आलं की कपॅसिटर त्याच्या एमव्हीएआरच्या 81 टक्केच देतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी कमी पडतो. तेव्हा जनरेटरच सावरतो.

एका रविवारी मी शनिवारचंच वेळापत्रक पुढे चालवलं होतं. ऑफिसांचा लोड आलाच नाही आणि बँक मात्र सकाळी ठरल्या वेळी लागली. टॅप व्होल्टेज उतरवत उतरवत शेवटच्या घरात जाऊन अडकला आणि तरी 33 केव्हीचा काटा वरच. बँक काढायला मी स्वतः पॅनेलकडे धावले. तेव्हापासून रविवारचं, सणाचं आणि पहिल्या पावसाच्या दिवसाचं पान मी वेगळं ठेवते, आणि रात्रपाळीला देताना त्यावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवते.