इकोवर झडपांचा आजार तपासताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महिन्यातून दोनदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला जातो. पहाटेच्या एसटीने निघालेली माणसं दुपारपर्यंत बाकावर बसून असतात, त्यामुळे हात भरभर चालवावा लागतो हे मान्य. पण त्यांच्या पिशवीतले जुने रिपोर्ट उघडले की त्याच त्या चुका पुन्हा दिसतात, आणि आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जाताना लागणाऱ्या झडपेचं अरुंद होणं, एकाच जागेवरून मोजणं. एपेक्सला, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, प्रोब लावला, आकडा आला, 'मॉडरेट' लिहिलं, पुढचा पेशंट! रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरला धारेच्या रेषेत धरलं तरच खरा वेग कळतो. धारेशी 30 अंशांचा कोन पडला, तर सेकंदाला 4.5 मीटरचा वेग 3.9 दिसतो. ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, काढताना वेगाचा वर्ग करून चारने गुणतो, म्हणजे 81 चे 61 झाले. कोन चुकला की आकडा नेहमी कमीच येतो, आणि पेशंट घरी जातो.

ही चूक मीही केली आहे. सत्तरीतले एक शेतकरी आले होते. म्हणाले, "बसून रायलो तं काही नाई जी, धुऱ्यावरून चालाले लागलो का डोयासमोर अंधारी येते." मर्मर, म्हणजे झडपेची घरघर, मानेपर्यंत ऐकू येत होती, हृदयाचा दुसरा आवाज जवळजवळ नव्हताच. एपेक्सवरून मला वेग 3.2 मिळाला. मी मॉडरेट लिहिलं आणि सहा महिन्यांनी या म्हटलं. तीन आठवड्यांनी ते कापूस वेचताना वावरातच कोसळले. सुनेने परत आणलं तेव्हा त्यांना उजव्या कुशीवर वळवलं आणि छातीच्या हाडाच्या उजवीकडे फक्त वेग मोजणारा बारीक पेन्सिल प्रोब लावला. वेग 4.6, पीक ग्रेडियंट 85. तीन आठवड्यांत झडप एवढी बिघडत नाही. पहिल्या दिवशी मी उजवीकडे प्रोब लावलाच नव्हता. नागपूरला झडप बदलली, ते वाचले. पण वावरात त्या दिवशी सोबत कोणी नसतं तर?

तेव्हापासून एपेक्स, उजवी बाजू, गळ्याची खाच आणि बरगडीखालून, या चारही जागा पाहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. कोणत्या जागेवरून मिळाला तेही रिपोर्टात घालतो. जेल लावण्याआधी स्टेथो लावतो. कानाला गंभीर वाटलं आणि मशीनला नाही, तर पुन्हा शोधतो. मशीनमधलं अँगल करेक्शनचं, म्हणजे चुकलेल्या कोनाचा आकडा अंदाजाने वाढवून देणारं, बटण शिकाऊंना मी हात लावू देत नाही. दहा मिनिटांत इको उरकतो असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते.

एलव्हीओटीचा, म्हणजे एओर्टिक झडपेच्या लगेच खालच्या वाटेचा, व्यास झूम करूनच मोजा. 2.0 सेंटिमीटरच्या जागी 1.8 धरला की हिशोबात झडपेचं क्षेत्रफळ 19 टक्क्यांनी घटतं.

दुसरी खटकणारी गोष्ट माइट्रल स्टेनोसिसची, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद होण्याची. आपल्याकडे र्‍हुमॅटिक (संधिवाताच्या तापाने झडपा बिघडण्याचा) आजार अजून दिसतो, तरुण बायकांत तर फारच. मीन (सरासरी) ग्रेडियंट लिहितात आणि शेजारी हृदयाचे ठोके लिहीत नाहीत. एक सात महिन्यांची गरोदर मुलगी आली होती. सिकलसेलची, हिमोग्लोबिन 7, ठोके 118. बाहेरच्या रिपोर्टात ग्रेडियंट 14 आणि खाली 'सिव्हिअर'. घरचे रडकुंडीला आलेले. ठोके वाढले, रक्त पातळ झालं, त्यात गरोदरपण, मग ग्रेडियंट चढणारच. मी झडपेच्या पाकळ्यांच्या अगदी टोकाशी प्लॅनिमेट्री केली, म्हणजे पडद्यावर छिद्राची कड आखून क्षेत्रफळ मोजलं: 1.7 चौरस सेंटिमीटर. सिव्हिअर 1.5 किंवा त्याखाली धरतात. धोका होताच, पण उपचाराची सुरुवात रक्तापासून आणि ठोक्यांपासून करायची होती.

प्लॅनिमेट्री टोकाशीच करा. डाव्या कर्णिकेकडून प्रोब सावकाश खाली आणत सगळ्यात लहान तोंड दिसेल तिथे थांबा. वर थांबलात तर छिद्र मोठं दिसेल, गेन (चित्राची उजळी) जास्त ठेवलात तर लहान.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, असेल तर निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्या. सोयीचा एक ठोका निवडू नका.

प्रेशर हाफ टाइम, म्हणजे दाबातला फरक घटायला लागणाऱ्या वेळेवरून क्षेत्रफळ काढणं, झडप बलूनने उघडल्यावर लगेच वापरू नका.

झडपेची गळती पाहताना कलरची (रंगीत डॉप्लरची वेगाची) पट्टी सेकंदाला 50 ते 60 सेंटिमीटरवर ठेवा. भिंतीला घासून जाणारी गळती लहान दिसते, तिला माइल्ड म्हणून सोडू नका. बीपी मोजल्याशिवाय माइट्रल गळतीचा दर्जा लिहू नका.

आणि ईसीजीच्या वायरी लावाच. मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात म्हणून अनेक जण त्या लावतच नाहीत. मी छाती आधी कोरड्या कापसाने पुसून घेतो, अर्धा मिनिट जातो, पट्टी टिकते.